व्हिम: विंडोंची मांडणी सेव्ह करून दुसऱ्या पीसीवर जशीच्या तशी कशी उघडायची?

व्हीएमसी_अंबड

नमस्कार मंडळी,

अंबड एमआयडीसीत व्हीएमसीचे (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचे) पार्ट प्रोग्रॅम एडिट करायला व्हिम हा टेक्स्ट एडिटर वापरतो. ऑफिसच्या पीसीवर विंडोज आणि जीव्हिम (टर्मिनलशिवाय स्वतःच्या विंडोत चालणारा व्हिम), २४ इंची मॉनिटर. घरी पंचवटीत लिनक्सचा लॅपटॉप, टर्मिनलमधला व्हिम, १३६६ बाय ७६८ चा स्क्रीन. प्रत्येक जॉबला एक फोल्डर आणि तो दोन्हीकडे सिंक होतो.

मांडणी अशी: पहिल्या टॅबमध्ये डावीकडे मेन प्रोग्रॅम पूर्ण उंचीचा, उजवीकडे वर सबप्रोग्रॅम आणि त्याखाली टूल लिस्ट. टूल लिस्टला बरोबर १२ ओळी लागतात, एका नजरेत सगळी टूल्स दिसली पाहिजेत. सगळ्यात डाव्या कडेला फाइल-ट्रीचं प्लगइन. दुसऱ्या टॅबमध्ये जुनं रिव्हिजन आणि नवं रिव्हिजन शेजारी शेजारी, डिफ मोडमध्ये (दोन्हींतले फरक रंगवून दाखवणारा मोड).

संध्याकाळी मांडणी सेशन फाइलमध्ये साठवायला :एमकेसेशन! देतो आणि घरी ती उघडायला :सोर्स सेशन.विम. सेशनऑप्शन्सला हात लावलेला नाही, मूळ सेटिंगच आहे. पाच अडचणी येतात:

१. फाइल-ट्रीच्या जागी रिकामी विंडो उघडते.
२. टूल लिस्ट १२ ओळींची ठेवलेली असते, घरी ८ ओळींची होते.
३. व्हिमआरसीत (व्हिमच्या सेटिंग्जच्या फाइलीत) काही बदललं की सेशन उघडल्यावर तो बदल दिसतच नाही, जुनंच सेटिंग चालू असतं.
४. घरी उघडताना डी ड्राइव्हचा पाथ शोधतो आणि चुकतो.
५. मध्येच वीज गेली तर आदल्या दिवशीची मांडणी परत येते, त्या दिवशीची गेलेली असते.

आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, उत्तरातही तशाच लिहिल्या तरी कळतील. मूळ रोमन अक्षरं टाइप करताना घालीन.

---

मोडलाइन

आधी एक काम करा. सेशन.विम ही फाइल व्हिममध्येच उघडा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. ती कुठलीही बंद, बायनरी फाइल नाही, साधी व्हिमस्क्रिप्ट आहे. तुम्ही हाताने ज्या आज्ञा दिल्या असत्या त्याच क्रमाने लिहिलेल्या असतात: अमुक फोल्डरमध्ये जा, या फाइली यादीत घे, इथे उभी फाळणी कर, इथे आडवी, या विंडोची उंची इतकी. तुमच्या पाचपैकी चार प्रश्नांची उत्तरं त्या फाइलमध्ये डोळ्यांना दिसतील.

त्या फाइलमध्ये काय लिहिलं जावं हे सेशनऑप्शन्स ठरवतो. व्हिमची मूळ यादी अशी आहे: ब्लँक, बफर्स, करडिर, फोल्ड्स, हेल्प, ऑप्शन्स, टॅबपेजेस, विनसाइझ, टर्मिनल.

तुमची पहिली अडचण ‘ब्लँक’मुळे. फाइल-ट्रीची विंडो ही खऱ्या फाइलची नसते, तिचा बफटाइप (आतल्या मजकुराचा प्रकार) ‘नोफाइल’ असतो. अशा विंडोसाठी सेशनकडे लिहायला फाइल नाही, म्हणून ‘ब्लँक’ चालू असेल तर नुसती जागा धरून ठेवली जाते. यादीतून तो शब्द काढला की ती विंडो लिहिलीच जात नाही:

:सेट सेशनऑप्शन्स-=ब्लँक

:मेक किंवा :व्हिमग्रेपच्या निकालांची क्विकफिक्स विंडो वापरत असाल तर तिचंही हेच होतं. विंडोही जाते आणि आतले निकालही. ते सेशनमध्ये कधीच साठत नाहीत, शोध पुन्हा चालवावा लागतो.

तिसरी अडचण ‘ऑप्शन्स’मुळे, आणि हा शब्द सगळ्यांत जास्त डोकेदुखी देतो. तो असला की सेव्ह करतानाची मूळपेक्षा वेगळी असलेली सगळी सेटिंग्ज, शिवाय सगळी की-मॅपिंग्ज (कीला जोडलेल्या आज्ञा), सेशन फाइलमध्ये उतरतात. व्हिम सुरू होताना आधी व्हिमआरसी वाचला जातो आणि सेशन त्यानंतर. साहजिकच महिन्यापूर्वीचं सेटिंग आजच्या सेटिंगवर बसतं. काढून टाका:

:सेट सेशनऑप्शन्स-=ऑप्शन्स

या दोन ओळी व्हिमआरसीत घाला, नुसत्या कमांड लाइनवर देऊन थांबू नका.

---

पंचवटी_टर्मिनल

१२ च्या ८ ओळी का होतात ते सांगतो, कारण हा बिघाड नाही, हिशोब आहे.

‘विनसाइझ’ विंडोची उंची ओळींच्या आकड्यात लिहीत नाही, प्रमाणात लिहितो. सेशन फाइलच्या मध्यावर ‘३रीसाइझ’सारख्या आज्ञा दिसतील आणि त्यांच्यापुढे एक गणित. सूत्र असं: आत्ताच्या स्क्रीनच्या ओळी गुणिले सेव्ह करतानाची विंडोची उंची, त्यात सेव्ह करतानाच्या स्क्रीनच्या ओळींची निम्मी संख्या मिळवायची आणि मग त्या ओळींनी भागायचं. भागाकार पूर्णांकाचा, अपूर्णांक सोडून दिला जातो.

समजा ऑफिसच्या जीव्हिममध्ये ५० ओळी मावतात आणि लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये ३४. ३४ × १२ = ४०८. त्यात २५ मिळवले की ४३३. भागिले ५०, उत्तर ८. तुम्हाला दिसतं तेच. रुंदीचंही असंच, तिथे ओळींऐवजी कॉलम. डाव्या-उजव्या भागांसाठी हे प्रमाण सोयीचंच आहे, मेन प्रोग्रॅमला तीन पंचमांश रुंदी दोन्ही स्क्रीनवर मिळते. ज्या विंडोला ठरावीक ओळीच हव्यात तिथे मात्र हे प्रमाण आड येतं.

उपाय ‘एक्स’ फाइलचा. सेशनच्या फाइलीशेजारी त्याच नावाची, पण एक्सटेन्शनच्या आधी एक ‘एक्स’ जोडलेली फाइल असेल, तर सेशन लोड होऊन संपता संपता व्हिम ती आपोआप चालवतो. सेशन.विमसाठी सेशनएक्स.विम. :एमकेसेशन! या फाइलला कधीच हात लावत नाही, म्हणून हाताने लिहिलेलं सगळं इथे सुरक्षित राहतं. तुमच्यासाठी त्यात इतकंच:

टॅबनेक्स्ट १
लेट एन = बफविनएनआर('टूल्स.टीएक्सटी')
इफ एन > ०
  एक्झी एन . 'रीसाइझ १२'
  कॉल सेटविनव्हार(एन, '&विनफिक्सहाइट', १)
एंडिफ

पहिली ओळ गाळू नका. बफविनएनआर हे फंक्शन फक्त चालू टॅबमध्येच शोधतं. सेशन सेव्ह करताना तुम्ही दुसऱ्या टॅबवर होतात तर लोड झाल्यावरही दुसऱ्याच टॅबवर असता, तिथे टूल लिस्ट नाही, आणि फंक्शन उणे १ देतं.

विनफिक्सहाइटबद्दल एक गैरसमज दिसतो. तो लावल्यावर विंडोची उंची कायमची गोठते असं नाही. दुसरी विंडो उघडली-बंद केली किंवा कंट्रोल-डब्ल्यू आणि बरोबरचं चिन्ह दाबून सगळ्यांना समान वाटप केलं, तर ही विंडो त्यातून वगळली जाते, एवढंच. थेट रीसाइझची आज्ञा त्याला जुमानत नाही, आणि सेशन फाइल थेट आज्ञाच देते. म्हणून नुसतं विनफिक्सहाइट लावून तुमचा प्रश्न सुटला नसता.

---

सिन्नरफाटा

चौथा मुद्दा, पाथचा.

‘करडिर’ असलं की सेशनच्या सुरुवातीला ज्या फोल्डरमध्ये तुम्ही होतात त्याचा पूर्ण पाथ लिहून तिथे जायची आज्ञा असते. ऑफिसमध्ये तो डी ड्राइव्हचा, घरी तो ड्राइव्हच नाही. त्याऐवजी ‘सेसडिर’ घाला. मग पाथ लिहिला जात नाही, सेशन फाइल ज्या फोल्डरमध्ये पडली आहे तिथेच जा अशी आज्ञा लिहिली जाते. दोन्ही शब्द एकत्र ठेवायचे नाहीत, एकच:

:सेट सेशनऑप्शन्स-=करडिर
:सेट सेशनऑप्शन्स+=सेसडिर

हे चालायला तीन अटी आहेत आणि तिन्ही न पाळल्यामुळे लोक ‘सेसडिर चालत नाही’ म्हणतात.

सेशन फाइल जॉबच्या फोल्डरमध्येच हवी. सगळी सेशन्स एका वेगळ्या फोल्डरमध्ये गोळा करण्याची सवय असेल तर ती सोडावी लागेल.

ऑटोसीएचडिर (उघडलेल्या फाइलीच्या फोल्डरमध्ये आपोआप जाण्याचं सेटिंग) बंद हवं. ते चालू असलं, किंवा कुठल्या विंडोत :एलसीडी (त्या विंडोपुरतं फोल्डर बदलण्याची आज्ञा) दिलेलं असलं, की व्हिम फाइलींची नावं आखूड न लिहिता पूर्ण पाथसकट लिहितो. अशा वेळी सेसडिर असून नसून सारखंच.

तिसरं, त्या फोल्डरच्या बाहेरच्या फाइलींना पूर्ण पाथच राहतो. सर्व जॉबना लागणारे सबप्रोग्रॅम तुम्ही वेगळ्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवत असाल तर ते घरी सापडणार नाहीत. ते एक्स फाइलमधून उघडा किंवा जॉबच्या फोल्डरमध्ये प्रत ठेवा.

सापडली नाही तर व्हिम चूक दाखवत नाही, हे लक्षात असू द्या. त्या नावाची रिकामी विंडो उघडून देतो. तिथे चुकून सेव्हची आज्ञा :डब्ल्यू दिलं की त्याच नावाची शून्य ओळींची नवी फाइल तयार. लिनक्सवर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरतात, विंडोजवर नाहीत. फाइलीचं नाव दोन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते बघा. रिकामी विंडो दिसली तर आधी :एलएसने (उघडलेल्या फाइलींची यादी) पाथ तपासा, मग पुढचं.

शिवाय यादीत ‘युनिक्स’ आणि ‘स्लॅश’ हे दोन शब्द घालून ठेवा. जुन्या आवृत्तीत विंडोजवर लिहिलेल्या सेशनला विंडोजच्या ओळ-समाप्ती लागायच्या आणि लिनक्सवर प्रत्येक ओळीला चूक यायची. नव्या आवृत्तीत हे आपोआप होतं, शब्द असले तरी बिघडत नाही. फोल्डरची नावं मराठीत असतील तर दोन्हीकडच्या व्हिमआरसीत अगदी वर एन्कोडिंग यूटीएफ-८ करा, नाहीतर सेशनमध्ये नावं विस्कटून उतरतील.

---

व्हीएमसी_अंबड

सर्वांचे मनापासून आभार. ब्लँक, ऑप्शन्स, करडिर काढलं, सेसडिर घातलं. जुनं सेशन लोड केलं, ट्रीची रिकामी विंडो बंद केली, :एमकेसेशन! दिलं. घरी पाथ बरोबर लागला, रिकामी विंडोही गेली.

पण दोन गोष्टी. व्हिमआरसीतून काढून टाकलेलं एफ५ चं मॅपिंग अजूनही चालतंय, निदान सेशन उघडलं त्या वेळी तरी. आणि दुसऱ्या टॅबमध्ये डिफ यायचं बंद झालं, दोन फाइली नुसत्या शेजारी उघडतात, रंग नाहीत, एकत्र स्क्रोलही होत नाहीत.

---

मोडलाइन

पहिल्याचं कारण: घरी सिंक झालेली फाइल नवी आहे, पण ऑफिसमध्ये तुम्ही जुनी फाइल लोड करूनच नवी केलीत. जुन्या फाइलने मॅपिंग त्या चालू व्हिममध्ये परत आणलं, आणि तो व्हिम बंद करेपर्यंत ते राहणार. पूर्ण बंद करून नव्या सेशनने उघडा, जाईल. तरीही राहिलं तर नव्या सेशन फाइलमध्ये ‘एफ५’ शोधा. सापडलं तर ऑप्शन्स काढण्याची ओळ व्हिमआरसीत वाचली जाण्याआधीच सेव्ह झालंय.

एकदाच मेहनत घ्या: सेशनशिवाय कोरा व्हिम उघडा, मांडणी हाताने करा, मग सेव्ह करा. जुन्या सेशनवरून नवं सेशन बनवलं की जुनी सेटिंग्जही सोबत वाहत येतात, यादी तुम्ही कधी बदलली असेल तर खुद्द सेशनऑप्शन्सचं जुनं मूल्यसुद्धा.

दुसऱ्यावर: ऑप्शन्ससोबत विंडोपुरती सेटिंग्जही गेली. डिफ, स्क्रोलबाइंड, रॅप ही त्यातलीच. ऑप्शन्सच्या जागी ‘लोकलऑप्शन्स’ घाला. मग सार्वत्रिक सेटिंग्ज आणि मॅपिंग्ज लिहिली जात नाहीत, फक्त विंडो आणि बफरपुरती लिहिली जातात. डिफ परत येईल.

---

निओ_गंगापूररोड

लोकलऑप्शन्सबद्दल असहमत. डिफ येईल हे खरं, पण त्याबरोबर प्रत्येक फाइलचं टॅबस्टॉप, शिफ्टविड्थ, फाइलटाइपमुळे लागलेली बाकीची स्थानिक सेटिंग्जही गोठतील. उद्या पार्ट प्रोग्रॅमसाठी फाइलटाइपची नवी सेटिंग्ज लिहिलीत तर जुन्या जॉबच्या सेशनमध्ये ती दिसणार नाहीत. म्हणजे तिसरी अडचण मागच्या दाराने परत.

निओव्हिमच्या (व्हिमवरूनच बनलेला दुसरा एडिटर) मूळ यादीत ऑप्शन्स नाहीच, त्यामुळे तिकडे डिफ परत न येण्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून असतो. मी तो एक्स फाइलमधून सोडवतो, दोन ओळी:

टॅबनेक्स्ट २
विनडू डिफधिस

आणि शेवटी पुन्हा टॅबनेक्स्ट १. डिफ हवाय हे एका वाचता येणाऱ्या ओळीत लिहिलेलं असतं, शंभर ‘सेटलोकल’च्या गर्दीत नाही.

खरं तर याहून मोठी गोष्ट सांगायची आहे. एकच सेशन २४ इंची मॉनिटर आणि लहान लॅपटॉप दोन्हीकडे ओढू नका. फाइली कोणत्या हे जॉब ठरवतो, मांडणी कशी हे स्क्रीन ठरवतो. जॉबच्या फोल्डरमध्ये दोन सेशन ठेवा: ऑफिस.विम आणि घर.विम. ३४ ओळींमध्ये उजवीकडे १२ ओळींची टूल लिस्ट ठेवून सबप्रोग्रॅमला विसाच्या आसपास ओळी उरतात, कामापुरत्या आहेत, पण रुंदीत दोन भाग केले की मेन प्रोग्रॅमच्या कॉमेंट कापल्या जातात. लॅपटॉपवर सबप्रोग्रॅम वेगळ्या टॅबमध्येच शोभतो. ते एका फाइलच्या प्रमाणात बसवण्यापेक्षा दुसरी फाइल बरी. सिंकमध्ये दोन्हीकडून एकच सेशन बदलल्यामुळे होणाऱ्या दुहेरी प्रतीही टळतात.

याच कारणाने यादीत ‘रीसाइझ’ आणि ‘विनपॉस’ कधीच घालू नका. रीसाइझ पूर्ण व्हिमच्या ओळी-कॉलम ठरवतो, विनपॉस जीव्हिमची स्क्रीनवरची जागा. दुसरा मॉनिटर काढलेला असताना विनपॉसने विंडो दिसेनाशी जागी जाऊ शकते.

---

मोडलाइन

निओ_गंगापूररोड यांचं म्हणणं पटलं. एका टॅबपुरता डिफ असेल तर एक्स फाइलच योग्य. लोकलऑप्शन्सचा सल्ला मागे घेतो.

---

गोदाकाठ_रात्रपाळी

पाचव्या मुद्द्यावर कोणी लिहिलं नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तिथे मांडणीबरोबर मजकूरही पणाला लागतो.

बहुतेक लोक व्हिमलीव्हप्री या घटनेवर सेशन सेव्ह करतात. व्हिम नीट बंद झाला तरच ती घडते. वीज गेल्यावर कोणी बंद करत नाही. म्हणून कामाच्या मधल्या विरामात सेव्ह करायला हवं. त्यासाठी कर्सरहोल्ड: हात थांबून अपडेटटाइमइतका वेळ गेला की एकदा घडते. मूळ मूल्य ४००० मिलिसेकंद, म्हणजे ४ सेकंद. नुसतं बफएंटर (दुसऱ्या फाइलीत शिरल्यावर घडणारी घटना) पुरत नाही, कारण विंडोचा आकार बदलला तर ते घडत नाही. तयार प्लगइन हवं असेल तर टिम पोप यांचं ऑब्सेशन आहे, ते बफएंटर आणि व्हिमलीव्हप्रीवर सेव्ह करतं. बहुतेकांना ते पुरेसं आहे.

स्वतः लिहिणार असाल तर फंक्शनमध्ये या गोष्टी हव्यातच:

व्ही:धिस_सेशन (चालू सेशन फाइलचं नाव धरणारं व्हेरिएबल) रिकामं असेल तर काही न करता परत फिरा. नाहीतर सेशनशिवाय नुसती एखादी नोंद बघायला उघडलेल्या व्हिममधूनही त्या फोल्डरमध्ये सेशन.विम पडेल.

जी:सेशनलोड हे व्हेरिएबल अस्तित्वात असेल तर परत फिरा. सेशन फाइल सुरू होताना हे व्हेरिएबल ठेवते आणि शेवटी काढते. ही तपासणी नसली, की सेशन लोड होत असताना बफएंटर घडतं, तुमचं फंक्शन चालतं आणि अर्धवट उभी राहिलेली मांडणी मूळ फाइलवर लिहिली जाते. पुढच्या वेळी तीनऐवजी एकच विंडो येते आणि कारण सापडत नाही.

थेट मूळ फाइलवर लिहू नका. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल अर्धी राहते. आधी शेजारी तात्पुरत्या नावाने :एमकेसेशन! द्या, मग रीनेम फंक्शनने मूळ नावावर आणा, ते आधीची फाइल न विचारता बदलतं. इथे एक खाच आहे: :एमकेसेशन ज्या नावाने लिहाल ते नाव व्ही:धिस_सेशनमध्ये बसतं. म्हणून आधी मूळ नाव स्थानिक व्हेरिएबलमध्ये धरा आणि रीनेमनंतर परत ठेवा. हे विसरलं की दुसऱ्या फेरीला तात्पुरत्या फाइलीची तात्पुरती फाइल तयार होते.

फोल्डर सिंकमध्ये आहे, तेव्हा दर ४ सेकंदांनी फाइल बदलू देऊ नका. लोकलटाइम फंक्शनने शेवटची वेळ ठेवा आणि ६० सेकंद झाले असतील तरच लिहा. मांडणी मिनिटभर जुनी असली तर बिघडत नाही.

आता मजकूर. सेशन तुमच्या न सेव्ह केलेल्या ओळी साठवत नाही, अनडूचा इतिहासही नाही. न सेव्ह केलेलं स्वॅप फाइलमध्ये (व्हिम आपोआप ठेवतो ती तात्पुरती फाइल) असतं, जी २०० अक्षरं टाइप झाल्यावर किंवा ४ सेकंदांच्या विरामानंतर लिहिली जाते. वीज आल्यावर सेशन उघडलं की ज्या ज्या फाइलीची स्वॅप मागे राहिली तिथे ई३२५ ची (स्वॅप सापडल्याची) सूचना येईल. घाईने ‘ई’ दाबून पुढे जाऊ नका. ‘आर’ दाबून रिकव्हर करा, मिळालेला मजकूर वेगळ्या नावाने लिहा, :व्हर्ट डिफस्प्लिट देऊन मूळ फाइलशी ओळ न् ओळ ताडून बघा, मगच मूळ फाइलवर घ्या आणि स्वॅप पुसा. हा प्रोग्रॅम मशीनवर जाणार आहे. एका झेडच्या आकड्यातला दशांश गहाळ असला तर टूल जॉबमध्ये घुसतं. रिकव्हर केलेली फाइल न ताडता पाठवू नये.

स्वॅप फाइली सिंकच्या फोल्डरमध्ये राहू देऊ नका. ऑफिसची स्वॅप घरी पोचली की घरीही ई३२५ येतो, विनाकारण. ‘डिरेक्टरी’ हे सेटिंग पीसीवरच्या स्थानिक फोल्डरकडे वळवा आणि पाथच्या शेवटी दोन तिरप्या रेघा द्या. दोन रेघांमुळे स्वॅपच्या नावात पूर्ण पाथ येतो, म्हणून वेगवेगळ्या जॉबमधल्या टूल्स.टीएक्सटीच्या स्वॅप एकमेकींशी भांडत नाहीत.

---

सिन्नरफाटा

एका जॉबवरून दुसऱ्यावर जाण्याबद्दल थोडं, कारण ते पुढे विचाराल. सेशन लोड होताना आधीच्या विंडो आणि टॅब बंद होतात, पण आधीच्या फाइली बफरच्या (व्हिमने उघडून ठेवलेल्या फाइलींच्या) यादीत तशाच राहतात. ‘बफर्स’ चालू असेल तर पुढच्या सेव्हला त्या नव्या जॉबच्या सेशनमध्ये शिरतात. दोन आठवड्यांत प्रत्येक सेशनमध्ये सगळे जॉब. क्रम असा ठेवा, आधी सगळं सेव्ह, मग जुने बफर बंद, मग नवं सेशन:

:वॉल
:%बीडिलीट
:सोर्स नव्या जॉबचं सेशन

किंवा ‘बफर्स’ काढा, मग विंडोत दिसणाऱ्या फाइलीच लिहिल्या जातात. पार्ट प्रोग्रॅमच्या कामाला हेच सुटसुटीत वाटतं.

विंडोजवर डेस्कटॉपवर प्रत्येक जॉबचा शॉर्टकट करता येतो. टार्गेटमध्ये जीव्हिमच्या पुढे उणे आणि मोठा एस, मग सेशन फाइलचा पाथ. पाथमध्ये मोकळी जागा असेल तर दुहेरी अवतरणात.

---

पंचवटी_टर्मिनल

आणि क्षणभर एकच विंडो मोठी करायची असेल तर सेशनपर्यंत जाऊ नका. :टॅब स्प्लिट द्या, तीच फाइल नव्या टॅबमध्ये पूर्ण स्क्रीनवर उघडते. काम झालं की कंट्रोल-डब्ल्यू, सी. मूळ मांडणीला धक्काही लागत नाही.

त्याच टॅबमध्ये मोठी करायची असेल तर विनरेस्टसीएमडी हे फंक्शन आधी चालवून त्याचा निकाल टॅबपुरत्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग कंट्रोल-डब्ल्यू आणि अंडरस्कोरने उंची, कंट्रोल-डब्ल्यू आणि उभ्या दांड्याने रुंदी वाढवा. परत यायला ते व्हेरिएबल एक्झीने चालवा. मध्ये एकही विंडो उघडली किंवा बंद केली तर मात्र आकडे चुकीच्या विंडोंना लागतात, कारण त्यात फक्त विंडोचा क्रमांक आणि आकार असतो.

---

व्हीएमसी_अंबड

सगळं लावून पाहिलं. आता दोन्हीकडच्या व्हिमआरसीत:

:सेट सेशनऑप्शन्स=सेसडिर,टॅबपेजेस,विनसाइझ,फोल्ड्स,युनिक्स,स्लॅश

जॉबच्या फोल्डरमध्ये ऑफिस.विम, ऑफिसएक्स.विम, घर.विम, घरएक्स.विम. कोऱ्या व्हिमपासून मांडणी केली. टूल लिस्ट दोन्हीकडे १२ ओळी. एफ५ गेला. ६० सेकंदांचं सेव्ह चालू आहे, टास्क मॅनेजरमधून जीव्हिम मुद्दाम मारून बघितला, मांडणी परत आली, ई३२५ आला, रिकव्हर करून ताडून पाहिलं, ओळी जुळल्या.

एक राहिलं. फाइल-ट्री आता एक्स फाइलमधून उघडतो. प्लगइन तो प्रत्येक टॅबमध्ये दाखवतं. त्यामुळे दुसऱ्या टॅबमध्ये तिसरी फाइल डिफमध्ये आल्यासारखं दिसतं, सगळ्या ओळी रंगतात.

---

निओ_गंगापूररोड

विनडू त्या टॅबमधल्या प्रत्येक विंडोत जातो, ट्रीमध्येसुद्धा, म्हणून. खऱ्या फाइलींचा बफटाइप रिकामा असतो, तो तपासून मगच डिफ लावा:

विनडू इफ &बफटाइप == '' | डिफधिस | एंडिफ

आणि ट्री उघडण्याची ओळ एक्स फाइलमध्ये रीसाइझ १२ च्या वर हलवा. ट्री डाव्या कडेला उघडला की विंडोंचे क्रमांक एकाने सरकतात आणि इक्वलऑलवेज (विंडोंना आपोआप समान वाटप करणारं सेटिंग) चालू असेल तर आकारही पुन्हा वाटले जातात. आधी ट्री, मग टूल लिस्टचा क्रमांक विचारून १२, मग दुसऱ्या टॅबचा डिफ, शेवटी टॅबनेक्स्ट १.